पक्ष्यांवर रोखलेली बंदूक

बगळा डोक्यावरून जातो तेव्हां त्याचे पंख खालीं येतांना कसे वळतात, हें छातीठोकपणें सांगणारा विरळा. आपल्याला फडफड दिसते. पंख दिसत नाहीं. मनुष्याला उडावयाचें तर आधीं हें कोडें सुटावयास हवें होतें.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनीं तें मनावर घेतलें. घोड्यांच्या छायाचित्रांमुळें गाजलेला मायब्रिज १८८१ सालीं पॅरिसला आला. पण त्याच्या पक्षीचित्रांनीं मारे यांचें समाधान झालें नाहीं. एकाच उड्डाणांतील लागोपाठच्या अवस्था त्यांत नव्हत्या. तेव्हां १८८२ च्या आरंभीं मारे यांनीं नेपल्स येथें एक बंदूकच सिद्ध केली. नळींत भिंग, काडतुसाच्या जागीं फिरती कांच. चाप ओढतांच सेकंदाला बारा चित्रें, आणि प्रत्येकास सेकंदाचा ७२० वा भाग प्रकाश. शेजारी त्यांना वेडा समजत, अशी आख्यायिका आहे. नेम धरून एकही पक्षी न पाडतां आनंदानें परतणाऱ्या शिकाऱ्याला दुसरें काय म्हणावें?

चित्रें मात्र चिमुकलीं आलीं. उजळ आभाळापुढें पक्षी म्हणजे नुसती काळी आकृति. मला खरी हुशारी दिसते ती यापुढें. पॅरिसमध्यें बुलोन्यच्या वनाशेजारीं मारे यांनीं पार्श्वभूमीच उलटी केली: गडद काळ्या भिंतीपुढून पांढरा पक्षी उडवावयाचा, व एकाच स्थिर कांचेपुढें फटी असलेली चकती फिरवावयाची. काळोख कांचेवर उमटत नाहीं. पक्षी मात्र जेथें जेथें असेल तेथें तेथें उमटतो. एका कांचेवर सबंध झेप!

पण चित्रें दाट घ्यावींत तर पंखावर पंख चढून गुंता होई, विरळ घ्यावींत तर नेमकी मधली हालचाल निसटे. या ओढाताणींत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं. बाजूनें, वरून व समोरून अशीं चित्रें घेऊन १८८७ सालीं त्यांनीं कुरव पक्ष्याचें उड्डाण चक्क ब्राँझमध्यें उभें केलें. १८८८ मध्यें सरकती कागदी पट्टी आली, आणि चित्रें अखेर सुटीं झालीं.

१८९० सालीं पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांचा ग्रंथ निघाला. युरोपीय चित्रकार उडता पक्षी बहुधा पंख वर उचललेलाच काढीत. खालीं आलेले पंख जपानी चित्रकारांनीं काढले होते, आणि तेही कॅमेऱ्यावांचून, हें मारे यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें.