आपल्याच पैशाचे भाडे: दुकाने, वेतन आणि प्रीपेड कार्ड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कोळसा खाणींभोवती ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत मजुरांना वेतनाचा काही भाग ‘स्क्रिप’च्या, म्हणजे खाणमालकाने काढलेल्या आणि त्याच्याच दुकानात चालणाऱ्या टोकनांच्या रूपाने मिळत असे, आणि ही टोकने बाहेर मोडायची झाल्यास दर्शनी किमतीपेक्षा कमी रक्कम पदरी पडे. मेक्सिकोतील मालकांच्या अशा दुकानांना ‘तिएंदा दे राया’ म्हणत. १९०७ साली रिओ ब्लांको येथील गिरणी कामगारांनी असे दुकान लुटले आणि सैन्याच्या गोळ्या झेलल्या, तर १९१७ च्या राज्यघटनेच्या १२३ व्या कलमाने वेतन कायदेशीर चलनातच देण्याचे बंधन मालकांवर घातले. वॉलमार्टची मेक्सिकोतील शाखा वेतनाचा काही भाग स्वतःच्या दुकानांपुरत्या चालणाऱ्या कुपनांनी देत होती, ती प्रथा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

अमेरिकेत मात्र हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. वॉलमार्टने २००५ मध्ये युटा राज्यात स्वतःची बँक काढण्यासाठी अर्ज केला होता, परंतु लहान बँका, कामगार संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या विरोधामुळे मार्च २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रीन डॉट ही कंपनी आणि जीई मनी बँक यांच्या साहाय्याने ‘वॉलमार्ट मनीकार्ड’ बाजारात आले. प्रीपेड कार्ड म्हणजे बँकेत स्वतंत्र खाते न उघडता आधी पैसे भरून वापरायचे कार्ड. मनीकार्डची किंमत ८.९४ डॉलर, मासिक शुल्क ४.९४ डॉलर आणि दर वेळी रोख भरण्याचे शुल्क ४.६४ डॉलर होते. महिन्यातून दोनदा रोख भरणाऱ्याला पूर्ण आकारणी झाल्यास १४.२२ डॉलर पडत, आणि जुलै २००७ पासून संघीय किमान वेतन ताशी ५.८५ डॉलर असल्यामुळे, स्वतःचेच पैसे वापरता यावेत यासाठी मजुराची जवळजवळ अडीच तासांची कमाई खर्ची पडे.

हा भार कोणावर पडत होता, हे २००९ च्या सरकारी पाहणीवरून कळते: ७.७ टक्के अमेरिकी कुटुंबांकडे बँकखाते नव्हते, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण २१.७ टक्के होते. शुल्क ठरावीक असल्यामुळे ज्याची शिल्लक थोडी त्याचा वाटा मोठा कापला जाई, आणि खरा अन्याय येथेच आहे. खात्यात पुरेशी रक्कम नसताना बँका जो दंड लावत, तो पुष्कळदा याहून जड असे, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये वॉलमार्टने तिन्ही शुल्के ३ डॉलरवर आणली, हेही नोंदवले पाहिजे. तरीही जो दुकानदार कार्ड विकतो, भरणा स्वीकारतो आणि तोच पैसा आपल्या फळ्यांवरील मालावर खर्च होण्याची अपेक्षा ठेवतो, त्याच्या हाती गरिबाच्या मिळकतीची दोन्ही टोके येतात, हा आक्षेप या कपातीने मिटत नाही.

इतर काही कार्डे तर याहून महाग होती. दूरचित्रवाणीवरील कार्डॅशियन भगिनींच्या नावाने नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या ‘कार्डॅशियन कार्ड’ या प्रीपेड कार्डासाठी पहिल्या सहा महिन्यांचेच ५९.९५ डॉलर मोजावे लागत. कनेक्टिकटचे महाधिवक्ता रिचर्ड ब्लुमेंथाल यांनी हरकत घेताच ते काही दिवसांतच मागे घेण्यात आले. संघीय ग्राहक वित्त संरक्षण विभागाचे नियम एप्रिल २०१९ मध्ये लागू झाले, तेव्हा खरेदीपूर्वी शुल्के ठळकपणे दाखवणे आणि चुकीच्या व्यवहारांची चौकशी करणे विक्रेत्या कंपन्यांना बंधनकारक झाले. शुल्क किती असावे यावर मात्र त्या नियमांनी मर्यादा घातली नाही.