परिचर्येचे शिक्षण : पदवी की पदविका?

बारावीचा निकाल हाती आला की ‘नर्सिंगला जायचे’ एवढे अनेक घरांत ठरलेले असते. कोणत्या अभ्यासक्रमाला, हे मात्र ठरलेले नसते. त्यातही कोणता मार्ग खुला राहणार, याचा निर्णय दोन वर्षे आधी, अकरावीला शाखा निवडतानाच होऊन गेलेला असतो.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात आणि खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुणांची अट आहे. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका मात्र कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही घेता येते. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी असून तो मुख्यतः उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या कामाकडे नेतो.

पदविकेला कमी लेखण्याचे कारण नाही. जीएनएम असो वा पदवी, दोघांचीही परिचारिका म्हणून राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि वॉर्डात दोघींच्या हाती तेच रुग्ण असतात. फरक जाणवतो तो पुढे. ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसर भरतीत बी.एस्सी. झालेल्या उमेदवाराला अनुभवाची अट नाही. जीएनएम उमेदवाराकडे मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. पण मग चार वर्षांचे काम पाच वर्षांवर जाते. घराला लवकर मिळकतीची गरज असेल, तर हा मार्ग रास्तच. विज्ञान शाखा आणि पुरेसे गुण हाती असताना केवळ एक वर्ष वाचते म्हणून पदविका घेणे मात्र महागात पडते. एम.एस्सी. व अध्यापनाची वाट पदवीवरूनच जाते.

अलीकडे फिजिशियन असिस्टंट या अभ्यासक्रमाचीही चौकशी होते. इंटर्नशिपसह चार वर्षांची ही पदवी परिचर्येहून वेगळी आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास घेणे, तपासण्यांचा पाठपुरावा, शस्त्रक्रियेत साहाय्य अशी कामे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी लागतात. स्वतंत्र व्यवसायाची मुभा नाही. केंद्राच्या २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकविषयक कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला आहे. ‘ही पदवी घेऊन अमेरिकेत जाता येईल’ असे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. तेथील परवाना परीक्षेला तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेलेच बसू शकतात. नोंदणीकृत भारतीय परिचारिकेला तुलनेने परदेशाचे दार उघडे आहे : अमेरिकेसाठी ‘एनक्लेक्स’ परीक्षा, तर जर्मनीसाठी साधारणतः बी-२ पातळीपर्यंत जर्मन भाषा.

शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. संस्थेला त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी मान्यता आहे का, याची खातरजमा माहितीपत्रकावरून नव्हे, तर राज्य कौन्सिलकडून करावी. दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाच्या रुग्णालयाची. तेथे दुपारच्या वेळी एक फेरी मारली, तर किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत ते दिसते.