कंपनसंवेदन
कंपनांची स्पर्शाने होणारी जाणीव. ही क्षमता शरीरभर सारखी नसते. एर्न्स्ट व्हेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३४ मध्ये दाखविले की, दोन टोकांचे स्पर्श बोटाच्या अग्रावर सु. २ मिमी. अंतरावरही वेगळे जाणवतात; पाठीवर त्यासाठी काही सेंमी. अंतर लागते. कंपनसंवेदन दाबसंवेदनाहून भिन्न असल्याचे मत दाव्हिट काट्स यांनी १९२५ मध्ये मांडले. पुढील संशोधनातून ग्राहींचे कार्य स्पष्ट झाले. माइस्नर पिंड सेकंदाला सु. ३०–५० कंपनांना, तर खोलवरचे पाचीनी पिंड २००–३०० कंपनांना विशेष प्रतिसाद देतात. केसाळ त्वचेत माइस्नर पिंड नसल्यामुळे तळहाताला स्पष्ट जाणवणारी मंद कंपने दंडावर क्षीण वाटतात.

बधिरांधांच्या शिक्षणात हा भेद महत्त्वाचा ठरतो. सोफी अल्कॉर्न यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या ‘टाडोमा’ पद्धतीत विद्यार्थी वक्त्याच्या ओठांवर अंगठा आणि गालावर व गळ्यावर बोटे ठेवून त्याचे बोलणे समजून घेतो. भारतात बधिरांधांच्या शिक्षणास वाहिलेली हेलन केलर संस्था मुंबईत १९७७ मध्ये स्थापन झाली. नवी मुंबईतील रबाळे परिसरानजीक महापे येथे तिचे केंद्र आहे. कानांचे काम त्वचेवर सोपवावयाचे, तर ते तिच्या कोणत्या भागावर सोपवावे, हे आधी ठरवावे लागते.