इनामगाव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेले ताम्रपाषाणयुगीन वसतिस्थान. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक येथे विस्तृत उत्खनन केले; ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचे काम त्यात प्रमुख होते. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे या संस्कृतींचे असे वस्तीचे तीन टप्पे असून त्यांचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. १६०० ते ७०० असा आहे.

राज्यसंस्था येथे कधीच उदयास आली नाही. समाजात उच्चनीचता कशी शिरते, हे मात्र इथल्या कुडाच्या घरांतून फार स्पष्ट दिसते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. कुंभारांसारखे कारागीर पश्चिमेकडील कडेला राहत. नदीचे पाणी वळवणारा कालवा व बांध सामुदायिक श्रमाशिवाय अशक्य होते. त्यामुळे असे श्रम जुळवणारा व धान्य गोळा करणारा प्रमुख त्या मधल्या घरात राहत असावा, हा ढवळीकरांचा निष्कर्ष पटण्याजोगा आहे.

दफनांचा पुरावा याहून बोलका आहे. मृत प्रौढांना घराच्या जमिनीखाली, बहुधा पावले तोडून, उताणे पुरत. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत सापडला; त्याची पावले शाबूत होती.

उत्तर जोर्वे काळात, बहुधा हवामान कोरडे झाल्याने, शेती खालावली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या.