पितरांचा पंधरवडा आणि मुलींची गुलाबाई



आजच्या भाषणाचा विषय मला एका चिठ्ठीने दिला. २०२३ सालच्या ऑक्टोबरात माझी मुलगी शाळेतून एक छापील चिठ्ठी घेऊन आली. ती तेव्हा चौथीत होती. ३१ तारखेला शाळेत हॅलोवीन साजरा होणार आहे, तरी मुलांनी भुताचा, चेटकिणीचा किंवा सांगाड्याचा वेश करून यावे आणि जमल्यास कोरलेला भोपळा आणावा, असा त्यातला मजकूर. शाळेचे नाव सांगत नाही, आणि शाळेने फार मोठा अपराध केला असेही मी म्हणत नाही. मुलांना सोंगे घ्यायला आवडतात. ती कोणत्या काळी आवडत नव्हती?

त्या दिवशी माझी आई गावाहून आलेली होती. आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. तिने चिठ्ठी मुलीकडून वाचवून घेतली आणि सरळ विचारले, "पित्तर गयात ना, आते भूत कसाले?" पितर तर जेवून गेले, आता भुते कशाला? सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी १४ ऑक्टोबरला होऊन गेली होती. आईच्या हिशेबाने मेलेल्या माणसांचे वर्षाचे येणेजाणे आटोपले होते.

घरात सगळे हसले. मी मात्र विचारात पडलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा रोगच असतो म्हणा. आईने पितर आणि हॅलोवीनची भुते एका वाक्यात बांधली होती, आणि ती गाठ वाटते तितकी चुकीची नाही.

हॅलोवीन हा सण मूळचा अमेरिकेचा नव्हे. आयर्लंड-स्कॉटलंडकडे केल्ट लोकांची जुनी वस्ती होती. त्यांच्यात पीक घरात आले, गुरे उन्हाळी कुरणांवरून खाली आणली, की नोव्हेंबरच्या तोंडाशी 'साविन' नावाचा सण होई. तिथून हिवाळा सुरू. त्या रात्री या जगाचे आणि त्या जगाचे दार उघडे राहते अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्म आला. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपात रूढ झाला, आणि त्याला लागून २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस आला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणजे पवित्र संध्याकाळ, तेच हॅलोवीन या नावाचे मूळ. इंग्लंडात त्या सुमारास गोरगरीब आणि मुले दारोदार जात. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात लहान गोड पाव घेत. आयर्लंडात सलगम पोखरून त्यात निखारा ठेवीत. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश लोक लाखांनी अमेरिकेत गेले, तेव्हा हा सण त्यांच्याबरोबर तिकडे रुजला. तिथे सलगमपेक्षा भोपळा मोठा, पोखरायला सोपा. अशी ती भोपळ्याची गोष्ट.

आता आपल्याकडे या.

भाद्रपदातली पौर्णिमा झाली की पितृपक्ष लागतो. खानदेशातल्या घरांत काय चालते ते मी तुम्हांला सांगायला नको. खीर, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, डांगराची भाजी. विस्तवावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची, कावळ्याला पान ठेवायचे, आणि तो येईपर्यंत घरातल्या पोरांनी पोट धरून वाट पाहायची. या पंधरा दिवसांत लग्नाची बोलणी नाहीत, नवी खरेदी नाही, शुभकार्य नाही. मोठ्यांच्या पंचांगात हा काळ उदास.

आणि नेमक्या त्याच पौर्णिमेला घरातल्या मुली गुलाबाई बसवतात!

जळगाव-धुळ्याकडे गुलाबाई, वऱ्हाड-नागपुराकडे भुलाबाई. मातीची जोडमूर्ती असते: लुगडे नेसलेली गुलाबाई, शेजारी फेटा बांधलेला गुलोबा. ती म्हणजे पार्वती आणि तो शंकर. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर हा खेळ. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या मुली जमायच्या. एका घरी गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या, तिथली खिरापत खायची, की निघाल्या दुसऱ्या घरी. दारोदार जाणारी मुले आणि दारोदार मिळणारा खाऊ. साहेबाच्या देशातले चित्र याहून फार निराळे नव्हे. फरक एवढाच की तिकडे घरमालकाला भीती घालतात, इकडे त्याला गाणे ऐकवतात.

खिरापत मात्र आयती मिळत नसे. ती ओळखावी लागे. घरातली बाई झाकणाचा डबा पुढे करी आणि हलवून दाखवी. आवाज कसा येतो? खुळखुळ की धपधप? गोड की तिखट? ओली की कोरडी? मुली नावे घेत सुटत: फुटाणे, लाह्या, शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस, पेरूच्या फोडी, गूळ-पोहे. ओळखता आली नाही तर बाईचा विजय, आणि तो ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर चारचौघींत सांगे. मुलगे या खेळात नसत. मी माझ्या अक्काच्या टोळीपुढे कंदील धरून चालत असे, तेवढ्यापुरता माझा मान. एकदा मी मागच्या दाराने जाऊन एका काकूंच्या डब्यात डोकावलो आणि आत काकडीच्या फोडी आहेत हे अक्काच्या कानात सांगितले. काकूंना ते कळलेच. पुढचे चार दिवस माझा कंदील दुसऱ्या पोराकडे गेला.

पण मोठ्यांच्या उदास पंधरवड्यात मुलींचा खेळ कसा बसला? मला दिसते ते असे. हा सण भटजींच्या पोथीतला नाही. त्याला मुहूर्त नाही, मंत्र नाही, सोवळे नाही. तो शेतीच्या दिवसांवर चालतो. पाऊस ओसरतो, मूग-उडीद घरात येतात, बाजरी कापणीला येते, ज्वारी निसवते आणि कपाशीची वेचणी अजून पुढे असते. कामाच्या दोन लाटांमधली ही उसंत, आणि घरात नवे धान्य. त्या धान्यावर पहिला हक्क सांगायला दोघे येतात, घरातून गेलेले आणि घरात नुकतेच आलेले. पितरांना घास जातो, पोरांना खिरापत मिळते. युरोपातही सुगीच्या शेवटी मृतात्मे आणि मुले एकाच संध्याकाळी दारात उभी राहतात. कोणी कोणाकडून घेतले असे याने सिद्ध होत नाही. शेती करणारी माणसे दोन्हीकडे आहेत, एवढेच.

आपल्या शेजारीही हेच दिसते. सातपुडा ओलांडला की निमाड-माळव्यात कुमारिका पितृपक्षातच भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला फुलांनी सजवतात आणि शेवटी 'किलाकोट' मांडतात. ब्रजभूमीत मुलगे टेसूचा पुतळा घेऊन दारोदार पैसे-धान्य मागतात. पुणे-सातारकडचा भोंडला किंवा हादगा तर रेडिओ ऐकणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. मधोमध हत्ती, भोवती फेर. आमच्याकडे हत्ती नाही, जोडपे आहे, आणि मला ते अधिक बोलके वाटते.

का, ते सांगतो. गुलाबाईच्या गाण्यांत देवाची स्तुती थोडी आणि सासर फार. सासू, नणंद, माहेरचा निरोप, न्यायला न आलेला भाऊ, बाळंतपण, पाळणा. ही गाणी म्हणणारी मुलगी किती वर्षांची? आज ती आठ-दहा वर्षांची असते आणि अर्थ न कळता म्हणते. पण शंभर वर्षांपूर्वी त्या वयाच्या मुलीला अर्थ कळून घेणे भाग होते. मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा असावे असा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला. तोही पाळला किती गेला हे आपल्या आज्यांना विचारावे. अठराची अट १९७८ साली आली. म्हणजे एका संध्याकाळी टिपऱ्या घेऊन फिरणारी मुलगी पुढच्या गुलाबाईला दुसऱ्याच्या घरी भाकऱ्या थापत असे. हा खेळ तिची तालीम होती, आणि थोडी तक्रारही. माझ्या आईचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. आखाजीला ती माहेरी येई, झोके घेई, गौराईची गाणी म्हणे. गुलाबाई मात्र लग्नाबरोबर सुटली ती सुटलीच, कारण तो कुमारिकांचा सण.

दुसरी एक गोष्ट. शंकर-पार्वती सारीपाट खेळतात, शंकर हरतो, रुसून निघून जातो. पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्याला भुलवते आणि परत आणते. त्यावरूनच भुलाबाई हे नाव आले असे सांगतात. ही कथा इतरत्रही आहे, पण खानदेशात तिला वजन येते. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांच्या लेखी भिल्ल म्हणजे बंदोबस्त करण्याचा विषय. १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. सरकारी कागदांत भिल्ल येतो तो दरोडेखोर म्हणून, नाहीतर शिपाई म्हणून. गल्लीतल्या मुलींच्या खेळात मात्र देवी स्वतः भिल्लीण होते, आणि त्या रूपातच ती जिंकते. दोन्ही साक्षी इतिहासाच्याच. आम्ही वर्गात पहिली शिकवतो.

कागदांचे नशीब चांगले. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले आणि त्यांनी आयुष्यभर हिंडून जमवलेली दप्तरे सांभाळण्यासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. बायकांच्या ओव्यांना साने गुरुजी भेटले. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे 'स्त्रीजीवन'च्या दोन भागांत त्यांनी शेकडो ओव्या छापून ठेवल्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हते. घरच्या मुलांनी त्यांची गाणी टिपून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, ती पुस्तकात आली. टिपून घेणारे कोणी नसते तर? गुलाबाईच्या गाण्यांची थोडीफार छापील संकलने आहेत. पण दर गावाला पाठ वेगळा, दर गल्लीला चाल वेगळी. जळगावात अलीकडे भुलाबाई महोत्सव भरतो, शाळांचे संघ गाणी सादर करतात, हे चांगलेच. पण रंगमंचावर एक पाठ ठरून जातो आणि बाकीचे मागे पडतात, हेही खरे.

म्हणून शिक्षक बंधु-भगिनींना माझे एक मागणे आहे. पुढच्या भाद्रपदात एक संध्याकाळ शाळेत गुलाबाई बसवा. मूर्ती शेतातल्या काळ्या मातीची, मुलांच्याच हातची. गावातल्या दोन-चार आजीबाईंना बोलवा, आणि त्या म्हणतील ते पाचवी-सहावीच्या मुलामुलींना जसेच्या तसे वहीत उतरवू द्या. शुद्धलेखन नंतर पाहू. वहीवर आजीचे गाव आणि माहेरचे गाव दोन्ही लिहावे, कारण गाणे बहुधा माहेराहून आलेले असते. मुलग्यांना नुसते कंदिलावर ठेवू नका. टिपऱ्या त्यांनाही येतात. खिरापत घरोघरची असू द्या. मात्र शेंगदाण्याने ज्यांना अंगावर पित्त उठते अशी मुले असतात, तेवढे आधी विचारून घ्या.

आणि हॅलोवीनचे काय? कोणा पोराने भोपळा कोरला तर मला राग येत नाही. गंमत सांगू का, हा भोपळा, आपले डांगर, अमेरिका खंडातले फळ आहे. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला त्यानंतरच ते इकडच्या जगाला मिळाले. शेंगदाणा, पेरू, मका आणि मिरची यांचेही तेच. म्हणजे पितरांच्या पानातली डांगराची भाजी आणि गुलाबाईच्या डब्यातले शेंगदाणे दोन्ही पाहुणे, आणि दोन्ही आता इतके घरचे की त्यांच्यावाचून पान अडते. माझी तक्रार भोपळ्याबद्दल नाही. मुलीला हॅलोवीनची तारीख पाठ होती आणि तीनच दिवस आधी गेलेल्या कोजागिरीला गुलाबाई उठते, हे ठाऊक नव्हते. त्याला जबाबदार शाळा नाही. आमच्या घरात गुलाबाई बसून वीस वर्षे होऊन गेली होती, आणि इतिहासाचा प्राध्यापक मी होतो.

२०२४ साली आम्ही बसवली. मूर्ती बाजारातून आणली. शेजारच्या चार-पाच मुली पहिल्या दिवशी लाजत आल्या, तिसऱ्या दिवसापासून न बोलावता. आई गावाहून मुद्दाम महिनाभर राहिली. ती गाणे म्हणे आणि माझी मुलगी वहीत लिही. एका गाण्याच्या मधल्या दोन ओळी आईला काही केल्या आठवेनात. तिने गावी बहिणीला फोन लावला. मावशीने फोनवर गाऊन दाखवल्या, पण त्या निराळ्याच निघाल्या. दोघी म्हाताऱ्या अर्धा तास भांडल्या. वहीत दोन्ही पाठ आहेत.

कोजागिरीच्या रात्री दूध आटत असताना आईने शेवटचा डबा पुढे केला. आवाज खुळखुळ. मुलींनी फुटाणे म्हटले, शेंगदाणे म्हटले, साबुदाणा म्हटला, कोणी चॉकलेटच्या गोळ्याही म्हटले. मीही दोनदा चुकलो. आईने झाकण काढले. पितरांच्या भाजीसाठी चिरलेल्या डांगराच्या बिया तिने उन्हात वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजून ठेवल्या होत्या.