खेळांतून कामाची आखणी



“खेळ पुरे, आतां कामाला लागा,” असें आपण घरोघर मुलांना सांगत असतों. परंतु खेळ हेंच कामाचें शिक्षण होऊं शकतें, या विचारालाहि स्वतःचा इतिहास आहे, आणि तो हैदराबादच्या मार्गानें आपल्या मराठवाड्याच्या दाराशीं येऊन पोंचला आहे. आज त्याचाच थोडक्यांत परामर्श घ्यावयाचा आहे.

या शिक्षणाची गरज कोणाला, हें प्रथम पाहूं. धाराशिव जिल्ह्यांत, कळंब तालुक्यांत येरमाळा हें गांव आहे. तेथें चैत्री पौर्णिमेस येडेश्वरी देवीची यात्रा भरते. देवीची पालखी आमराईंत जाते आणि भाविक चुनखडीचे खडे वेंचतात. अशा यात्रेंत नारळ, हळदकुंकू, पेढे अथवा बांगड्या विकणाऱ्याला केवढी आखणी करावी लागते! माल केव्हां मागवावा, मांडव कोणाकडून घालवावा, भांडवल कोणाकडून आणि कधीं उचलावें, हाताखालीं माणसें किती घ्यावीं, यांपैकीं एक काम मागें पडलें कीं पुढचीं सारीं खोळंबतात. मोठ्या कारखान्याला चूक सुधारण्यास पुढचा महिना मिळतो. या दुकानदाराला पुढच्या चैत्राची वाट पाहावी लागते.

खेळांतून शिकविण्याची कल्पना आपल्याला परकी नाहीं. मोक्षपट हा आपल्याकडचा जुना खेळ. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशीं जोडते. सद्गुणाच्या शिडीनें वर चढावें, दुर्गुणाच्या सापानें खालीं यावें, आणि कवड्यांच्या दानाबरोबर नीतीचा पाठ मनांत उतरावा, अशी ती योजना होती. त्यांत नीति होती. व्यवहाराची आखणी त्यांत येण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

आखणीचें शास्त्र प्रथम कारखान्यांत आकाराला आलें. पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनीं १८९६ मध्यें कामांच्या मेळाचा तक्ता तयार केला. पुढें अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) यांनीं कामापुढें काळाची पट्टी दाखविणारा तक्ता रूढ केला. तक्ता पाहून कळतो, परंतु अंगवळणीं पडत नाहीं. ही उणीव लेनिनग्राड येथें मेरी बिरश्टाइन या बाईंनीं ओळखली. १९३२ मध्यें त्यांनीं टंकलेखन-यंत्रांच्या एका कारखान्यासाठीं खेळ रचला. उत्पादन सुरू करतांना येणाऱ्या अडचणी कागदावर मांडावयाच्या आणि शिकणाऱ्यांनीं निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या भूमिका घेऊन त्या सोडवावयाच्या, असें त्याचें स्वरूप होतें. चूक झाली तरी कागदाखेरीज कांहीं बिघडत नसे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत असेच खेळ गणकयंत्राच्या साह्यानें खेळले जाऊं लागले. पण ते बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठीं होते.

लहान व्यावसायिकांकडे हा प्रवाह वळला तो भारतांत. १९६० मध्यें दिल्लीस लघुउद्योगांसाठीं एक प्रशिक्षण-संस्था निघाली व १९६२ मध्यें ती हैदराबादेस गेली. १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यांत होता, त्याचीच ही राजधानी! १९६४ मध्यें मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या पद्धतीनें तेथें काकिनाडा शहरांतील व्यापारी व कारखानदार यांचे वर्ग घेण्यांत आले. त्यांत एक खेळ होता कडीफेकीचा. खुंटीपासून किती अंतरावर उभें राहावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. अगदीं जवळ उभा राहणारा कांहींच साधीत नाहीं. फार दूर जाणारा दैवावर हवाला ठेवतो. आपलें बळ जोखून मधलें अंतर निवडणारा खरा उद्योजक. खेळानंतर चर्चा होई, आणि प्रत्येकाला आपल्या दुकानांतला स्वभाव त्या अंतरांत दिसे. हा प्रयोग १९६९ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. शिकून गेलेल्यांनीं इतरांपेक्षां अधिक नवे उद्योग हातीं घेतल्याचें त्यांत नमूद आहे. नुसत्या मनोवृत्तीनें काय होणार, संधि आणि भांडवलहि हवें, असा आक्षेपहि पुढें घेतला गेला, आणि तो रास्तच आहे.

कडीफेक व ठोकळ्यांचा मनोरा हे खेळ पुढें भारतांतील उद्योजकता-वर्गांत रूढ झाले. महाराष्ट्रांत या कामासाठीं १९८८ मध्यें महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालें, तेंहि मराठवाड्यांतच, तेव्हांच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत.

येरमाळ्याच्या दुकानदारांसाठीं असा खेळ मांडावयाचा तर महाग साधनें नकोत. यात्रेपूर्वींच्या तीस दिवसांचीं तीस घरें पाटावर आखावीं. प्रत्येक कामाची चिठ्ठी करून तें किती दिवसांचें, आणि त्याआधीं कोणतें काम पुरें झालें पाहिजे, हें तिच्यावर लिहावें. चिठ्ठ्या मांडून झाल्या कीं कवड्या टाकाव्या. दान उलटें पडलें कीं माल दोन दिवस उशिरां येतो, अथवा मांडववाला दुसऱ्या गांवीं निघून जातो. ज्यानें मध्यें दोन दिवस मोकळे राखले तो तरतो. ज्यानें दिवसाला दिवस खेटून ठेवला, त्याचे नारळ यात्रा उठल्यावर पोंचतात. मग पुन्हां डाव मांडावा, आणि आखणी कोठें चुकली तें सर्वांनीं मिळून बोलावें. ही चर्चा वगळली तर उरते ती केवळ करमणूक.

खेळ कोणाला भांडवल देत नाहीं, कीं पाऊस पाडीत नाहीं. पण ज्याच्या आयुष्यांत वर्षाला एकच चैत्र येतो, त्याला एका दुपारीं पांच चैत्र अनुभवावयास मिळतात, आणि त्यांतलें नुकसान कवड्यांपलीकडे जात नाहीं. घरच्या भांडवलावर व्यवसाय करणाऱ्याला याहून स्वस्त शाळा कोणती मिळणार?