ताकदीच्या आधी आलेले ब्रेक

आपल्याकडे ‘देशी मसल कार’ म्हणून जिची ओळख आहे, त्या कॉन्टेसाच्या पहिल्या इंजिनाची ताकद होती जेमतेम ५० अश्वशक्ती. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी रस्त्यावर आली तेव्हा लांब बॉनेट, पसरट नाक आणि मागे निमुळती होत गेलेली पाठ बघून लोक थबकत. बॉनेट उचललं की आत अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. गाडी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दमायची, आणि तिथवर पोचायलाही तिला बराच रस्ता लागायचा.

आज भिलाईत जीई रोडच्या दोन्ही अंगांना, सुपेल्यापासून पॉवर हाऊसपर्यंत कुठल्याही जुन्या मिस्त्रीकडे कॉन्टेसाचा विषय काढा. पहिला प्रश्न येतो, “इंजिन कोणतं टाकायचं?” ब्रेकचं कोणी विचारत नाही. मला वाटतं, या गाडीची कुळकथा ठाऊक नसल्यामुळे हा प्रश्न असा उलट्या टोकाकडून विचारला जातो. कॉन्टेसाच्या घराण्यात चाकं थांबवणारी आणि रस्त्याला धरून ठेवणारी यंत्रणा पहिल्यापासून बरी होती. उणी होती ती ताकद. अमेरिकेत नेमकं याच्या उलट घडलं होतं.

अमेरिकन मसल कारची सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअ‍ॅकच्या जॉन डेलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी न काढता टेम्पेस्ट लेमान्स या साध्या घरगुती गाडीला जीटीओ हा ‘ऑप्शन’ म्हणून जोडला आणि त्यात ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक खपल्या. एवढ्या ताकदीच्या गाडीला चारही चाकांवर मात्र साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते, बाजारहाटाच्या गाडीला शोभतील असे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळायला १९६७ साल उजाडलं, आणि तेही जादा पैसे मोजणाऱ्यालाच. घोडा आधी आणला आणि लगाम नंतर शोधला, असा तो प्रकार होता.

ड्रम ब्रेकचं दुखणं तापण्यात आहे. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून जागच्या जागी थांबवायची तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत मुरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत सव्वा-दीड लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. ड्रममध्ये शू आतून बाहेर दाबतात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब सरतो, पेडल खाली खाली जातं, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. डिस्कचं उलट आहे. ती उघड्यावर फिरते, वारा लागून निवते, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या अधिकच जवळ येते.

गंमत अशी की ही दोन्ही भावंडं जवळपास एकाच वयाची. लुई रेनोने ड्रम ब्रेकला आजचं रूप दिलं १९०२ मध्ये, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. लँचेस्टरचे पॅड तांब्याचे होते. ते किंचाळायचे आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर पाहता पाहता झिजायचे. त्यामुळे डिस्क अर्धशतक अडगळीत पडली. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर लेमान्सची २४ तासांची शर्यत ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने मारली, तेव्हा इतर स्पर्धकांचे डोळे उघडले. जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक लावत होते, आणि रात्र उलटून गेल्यावरही त्यांचे ब्रेक शाबूत होते. दोनच वर्षांत सिट्रोएनने डीएस या विक्रीच्या गाडीला पुढे डिस्क बसवल्या. युरोपात ही सोय झिरपत झिरपत मध्यमवर्गीय गाड्यांपर्यंत उतरली. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ. तिथे इंजिन वाढवण्याचीच चढाओढ लागली.

कॉन्टेसा या युरोपीय झिरपण्यातून आली आहे. तिचं माहेर इंग्लंडमधलं ल्यूटन. व्हॉक्सॉल ही १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची कंपनी, म्हणजे पॉन्टिअ‍ॅकची सावत्र बहीणच. तिने १९७२ मध्ये व्हिक्टर या गाडीची एफई मालिका आणली. कंबरेपाशी आत गेलेली, कोकच्या बाटलीसारखी रेघ अमेरिकेतून आलेली. खालचा सांगाडा मात्र युरोपीय वळणाचा. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढे दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग; मागे अखंड धुरा, पण पाट्यांवर नव्हे तर कॉइल स्प्रिंगवर, दांड्यांनी बांधलेला. याच अंगाची मोठी बहीण होती व्हेंटोरा. तिच्यात ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसे. १९७६ मध्ये व्हिक्टरचं नाव बदलून व्हीएक्स झालं, १९७८ मध्ये गाडी बंद पडली आणि तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सकडे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला आले. सहा सिलिंडरच्या मापाने बेतलेल्या घरात दीड लिटरचं भाडेकरू इंजिन राहायला आलं.

त्या दशकात असे जोड एकट्या कॉन्टेसाचेच जुळले नव्हते. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हर एसडी१ ची देखणी बॉडी आणली आणि खाली जुन्या व्हॅनगार्डचं इंजिन ठेवलं. कुर्ल्याच्या प्रीमियरने फियाट १२४ च्या अंगात निसानचं इंजिन घालून ११८ एनई काढली. परवाना राज्य सैल होत होतं, परदेशी चलन जपून वापरायचं होतं, आणि बंद पडलेल्या गाडीचे साचे नव्या गाडीच्या मानाने स्वस्तात मिळत. इंजिनाचा प्रश्न मागाहून सोडवू, असा सगळ्यांचाच हिशेब.

कॉन्टेसाचा प्रश्न ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुटला. इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घेऊन ‘कॉन्टेसा क्लासिक’ आली. हिंदुस्तान मोटर्सचा इसुझू इंजिनांचा कारखाना इंदूरजवळ पीथमपूरला होता. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होती, छत्तीसगड व्हायला नोव्हेंबर २००० उजाडायचा होता. त्यामुळे इथल्या माणसाला हे इंजिन आपल्याच राज्यातलं. आता गाडी पळू लागली. बागनदीची सीमा ओलांडून देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठणं, म्हणजे सुमारे २६५ किलोमीटर, तिला जड जाईना. तोवर ब्रेक आणि सस्पेन्शनला जी उसंत मिळाली होती ती संपली, पण ते पुरे पडले. मुळात त्यांचं माप मोठ्या इंजिनासाठीच घेतलेलं होतं.

म्हणून कॉन्टेसा सुधारायला घेणाऱ्याने आधी जे आहे ते मूळ अवस्थेत आणावं, मग पुढचं बघावं. मागच्या धुऱ्याला जागेवर ठेवतात त्या दांड्या, आणि त्यांतली आडवी एक, जिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते, धुऱ्याला धरून ठेवत नाही. डॉज चार्जरसारख्या अमेरिकन गाड्यांच्या मागे पाटे होते. ते वजनही पेलत आणि धुराही धरत, पण मोठ्या इंजिनाचा जोर आला की पिळवटत आणि चाकं रस्त्यावर नाचत. कॉन्टेसाला तो रोग नाही. तिच्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या रबराचा पार चिखल झालेला असतो. गाडी मागून डुलते, मालक म्हणतो “शॉकअप गेले”, महागडे गॅसचे शॉकअप बसवले जातात आणि गाडी तशीच डुलत राहते. बुश आणि बॉल जॉइंट बदलले की निम्मं काम होतं. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, ते टिकतात. पण रस्त्याची प्रत्येक खडी पाठीला कळते आणि थंडीत करकरतात. माझं मत विचाराल तर टाउनशिपच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला चांगलं रबरच बरं.

गाडी खाली बसवायची हौस मात्र भिलाईने तरी करू नये, निदान गॅस कटरने स्प्रिंग कापून. या गावाला ते कळायला हवं. १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या आपल्या पोलाद कारखान्यातून देशभरच्या रेल्वेचे रूळ जातात. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के, आणि गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादातही बहुधा ०.६ टक्क्यांच्या आसपासच. फरक पडतो तो सिलिकॉनचा आणि पाणी चढवण्याचा: लाल करून तेलात बुडवायचं, मग बेताने परत तापवून ठिसूळपणा काढायचा. कटरची ज्योत लागली की कापलेल्या वेढ्यापाशी ते पाणी उतरतं आणि स्प्रिंग तिथून बसते किंवा तडकते. शिवाय वेढे कमी केले की स्प्रिंग ताठर होते, आणि ताठर स्प्रिंगला जुना शॉकअप आवरत नाही. उंची कमी हवीच असेल तर त्या मापाची नवी स्प्रिंग करून घ्यावी.

ब्रेकचंही तसंच. मोठ्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क बसवायच्या तर आधी रिम मोठी लागते, नाहीतर कॅलिपर आत मावत नाही. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की त्यांना जास्त तेल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल फळीला टेकतं. सगळ्यात फसवी हौस म्हणजे मागेही डिस्क. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात. मागे जोर जास्त झाला तर ती आधी जाम होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मागचे ड्रम लेथवर साफ करून घ्यावेत, नवे लायनर लावावेत, हँडब्रेकची केबल बदलावी, बस. ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावी.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर बहुधा दोष ब्रेक ऑइलचा असतो. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा मुरला की तेलाचा उत्कलनबिंदू उतरतो, उतारावर किंवा लागोपाठच्या ब्रेकला तेलात वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते पण जोर पुढे पोचवत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलून हवा काढणं हा भिलाईत होणारा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. तो कोणी फोटो काढून दाखवत नाही, एवढाच त्याचा दोष.

फोटोत दिसते ती ट्रिम. ग्रिल काळी रंगवायची, चौकोनी दिव्यांच्या जागी चार गोल दिवे लावायचे आणि गाडीला डॉजचा मुखवटा चढवायचा, ही सध्याची फॅशन. मला ती रुचत नाही. व्हॉक्सॉलचा चेहरा काही वाईट नव्हता. बंपरवर क्रोम चढवताना एक गोष्ट पाहावी. वरचा क्रोम मायक्रोमीटरहूनही पातळ असतो, तो फक्त चकाकी देतो; गंजापासून वाचवतो तो खालचा निकेलचा थर. निकेल पातळ मारून वर क्रोम दाखवला की एका पावसाळ्यात पुटकुळ्या येतात. दारांचं आणि काचांचं बीडिंग तर ट्रिम म्हणून नव्हे, पत्रा वाचवायला म्हणून आधी बदलावं. काचेखालून झिरपलेलं पाणी दाराच्या तळाशी साचतं आणि पत्रा आतून खात सुटतं.

या सगळ्यावर कायद्याचीही नजर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. तेव्हा इंजिन बदलायची हौस कागदावर अडते. झिजलेले भाग त्याच जातीचे बदलणं अडत नाही. त्यात २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिला नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. १९८४ ची कॉन्टेसा त्या उंबरठ्यावर २०३४ मध्ये पोचेल. म्हणून जाणती माणसं आज मोठ्या डिस्क लावल्या तरी मूळ डिस्क, कॅलिपर, स्प्रिंग आणि ग्रिल ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, कोणत्या बाजूचं काय याची चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवतात.